साधूच्या वेषातला याचक



नाथांच्या भावार्थ रामायणातील सीताहरणाची कथा आपण किती वेळा ऐकली असेल! रावणाजवळ बळ काय थोडे होते? तरी त्याने आधी बळ वापरले नाही. पहिल्याने सोन्याचा मृग दाखविला. मग मारीचाने मरता मरता रामचंद्रांच्या आवाजात हाक मारली. लक्ष्मण दूर गेला, तेव्हा कुठे रावण भिक्षेकरी होऊन दारी उभा राहिला. आमिष, भय आणि विश्वासाचा वेष!

आज वाशी-नेरूळच्या इमारतींत आणि पनवेल-उरणच्या गावांत हीच सोंगे मोबाईलवरून येतात. "बँकेतून बोलतो, केवायसी अडली आहे, आलेला ओटीपी सांगा." "बिल थकले, आज रात्री वीज तोडू." कोणी म्हणतो, पैसे पाठवितो, पिन तेवढा दाबा. अहो, यूपीआयवर पैसे घ्यावयास पिन लागतच नाही. पिन दाबला म्हणजे आपलाच पैसा जावयाचा.

हा धंदा कसा चालतो ते आमच्याच ठाणे जिल्ह्याने पाहिले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर पोलिसांनी छापे घातले. इथली पोरे अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या करखात्याचे अधिकारी म्हणून दरडावीत आणि पैसे उकळीत. पुढे वाचून दाखवावयास संवाद लिहिलेले, नाव परके, आवाज साहेबी!

आता गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणारे निघाले आहेत. कायद्यात अशी अटक नाही; २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही 'मन की बात'मध्ये हेच सांगितले. "घरात कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका," असे तो दटावतो, तिथेच त्याला ओळखावे. तो लक्ष्मणाला दूर धाडतो आहे! नातवाच्या आवाजात "आजोबा, मी अडकलोय" अशी हाक आली तरी फोन ठेवावा, आणि त्याच्या नेहमीच्या नंबरावर आपण लावावा. यंत्राला आज मारीचाची विद्या साधली आहे.

फसलेला माणूस मात्र लाजेने गप्प बसतो, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. सून काय म्हणेल, दिंडीतले हसतील, या विचारात रात्र जाते आणि पैसा चार खात्यांतून पसार होतो. ताबडतोब १९३० ला फोन केला तर वाटेतच तो रोखला जाण्याची आशा असते. विणेकऱ्यांनी हा आकडा दिंडीच्या वहीत पहिल्या पानावर लिहावा, आणि कोणी म्हातारा रडवेला होऊन आला, तर "कसे फसलात?" हे विचारण्याआधी त्याला तो लावून द्यावा.