वाफ कोणासाठी विरते?

जपानी अ‍ॅनिमेतल्या देहप्रदर्शनाचा, म्हणजे चाहते ज्याला 'फॅनसर्व्हिस' म्हणतात त्याचा, विषय निघाला की दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. जपानी लोक लैंगिकतेबाबत मुळातच मोकळे, एदो काळातली शुंगा ही कामुक चित्रं बघा, हे एक. तिथले चित्रकार पुरुष आणि वखवखलेले, हे दुसरं. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात. मोकळेपणाचं म्हणाल तर १९०७ च्या दंडसंहितेतलं १७५ वं कलम तिथे आजही अश्लील साहित्याची विक्री गुन्हा ठरवतं. आणि १९७८ मध्ये वाघाच्या कातड्याच्या बिकिनीतली लम ही चित्रकथेतली नायिका जन्माला घातली ती रुमिको ताकाहाशी या लेखिकेने. मात्र मुलग्यांच्या चित्रकथा-साप्ताहिकासाठी. कोणाचं शरीर, किती आणि कुठल्या कोनातून दिसणार, हे संस्कृती किंवा चित्रकाराच्या मनापेक्षा पैसे कोण मोजतो यावरच जास्त ठरत आलं आहे.

ओसामु तेझुकांची 'अ‍ॅस्ट्रो बॉय' १ जानेवारी १९६३ ला टीव्हीवर सुरू झाली ती एका मिठाई कंपनीच्या जाहिरातींच्या जिवावर. प्रेक्षक लहान मूल, पैसे आईबापांचे. तिथे देह दाखवून कोणाचाच फायदा नव्हता. साप्ताहिकांचं गणित वेगळं होतं. १९६८ मध्ये निघालेल्या 'शोनेन जंप'मध्ये गो नागाईंनी 'हारेंची गाकुएन'मधून शाळकरी मुलींचे स्कर्ट उडवण्याचे चाळे रंगवले. पालक संघटनांनी गदारोळ केला, तरी मालिका १९७२ पर्यंत चालली, कारण अंक घेणारा पोरगा आपल्या खाऊच्या पैशांतून तो घेत होता. १९७३ मध्ये नागाईंची 'क्यूटी हनी' टीव्हीवर आली. रूप पालटताना नायिकेचे कपडे क्षणभर नाहीसे होतात, एवढंच. त्यात थोरांना डिवचण्याची खोडीही होती.

खरं वळण आलं ते व्हिडिओ टेपमुळे. डिसेंबर १९८३ मध्ये 'डॅलोस'पासून टीव्ही आणि थिएटर दोन्ही टाळून थेट विक्रीसाठी अ‍ॅनिमे बनू लागलं, आणि पुढच्याच वर्षी 'क्रीम लेमन' ही उघडउघड कामुक मालिका बाजारात आली. टेप महाग असायची; ती घेणारा कमावता, एकटा, हौशी चाहता. त्याच पिढीच्या चाहत्यांनी काढलेल्या गायनॅक्स स्टुडिओने १९८८ मध्ये 'गनबस्टर' केली. तिच्यात कॅमेरा मुलींच्या छातीवर रेंगाळतो, आणि तीच मालिका अंतराळात गेलेल्या नायिकेचं पृथ्वीवरचं आयुष्य कसं निसटतं हे इतक्या ताकदीने सांगते की शेवटचा भाग कृष्णधवल का आहे हे विचारावंसं वाटत नाही. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. त्यांच्याच 'इव्हँगेलियन'नंतर (१९९५) मध्यरात्रीच्या अ‍ॅनिमेचं पीक फोफावलं. निर्मात्यांचा गट चॅनेलकडून स्वस्तातली वेळ घ्यायचा. प्रक्षेपण ही जवळजवळ जाहिरातच, वसुली डीव्हीडीतून. म्हणून टीव्हीवर न्हाणीघरात दाट वाफ, नको तिथे प्रकाशाचा झोत. तीच वाफ डिस्कवर विरलेली. झाकणं आणि उघडणं या दोन्हींचे पैसे एकाच गिऱ्हाइकाकडून येत होते. याला संस्कृतीचा आविष्कार म्हणणं म्हणजे दुकानदाराच्या हिशेबवहीला पोथी म्हणणं.

यावर आक्षेप येतो: मग नग्नता नकोच का? तसं नाही. सातोशी कोन यांच्या 'परफेक्ट ब्लू'त (१९९७) अभिनेत्री झालेल्या गायिकेला बलात्काराचा प्रसंग चित्रित करावा लागतो. तो बहुतेक फॅनसर्व्हिसपेक्षा कितीतरी उघड आहे. पण 'कट'चे आवाज आणि सेटवर भोवती जमलेले पुरुष दाखवून कोन बघणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. देह किती दिसतो यापेक्षा तो पात्राच्या वाट्याला येतो की गिऱ्हाइकाच्या, हे महत्त्वाचं. 'किल ला किल'ने (२०१३) तोकड्या कपड्यांनाच कथेचा विषय करून हा पेच सोडवल्याचा आव आणला; माझ्या मते त्या युक्तिवादाआडून माल तोच विकला गेला. त्याच वर्षी 'फ्री!'ने जलतरणपटू मुलांचे पिळदार देह स्त्री-प्रेक्षकांपुढे मांडले. याने पुरुषी नजरेचा मुद्दा खोटा पडत नाही. पैसे मोजणारी बाई असेल तर कॅमेरा तिच्या बाजूने वळतो, इतकंच दिसतं.

अवघड आक्षेप अल्पवयीन पात्रांचा आहे. जपानने २०१४ मध्ये बालकांची अश्लील छायाचित्रं जवळ बाळगणं गुन्हा ठरवलं, पण रेखाटनं वगळली. चित्रात खऱ्या मुलाला इजा होत नाही, हा समर्थकांचा दावा. टोकियो महानगराने २०१० मध्ये अशा लैंगिक चित्रणाचे नियम कडक केले तेव्हा मांगाकार, म्हणजे चित्रकथाकार, विरोधात उभे राहिले. ढोबळ शब्दांतला कायदा कुठेही वळवता येतो, ही त्यांची भीती मला रास्त वाटते. पण ती कायद्याविषयीची भीती आहे. तिच्या आड टीकेपासून सूट मागता येत नाही. शाळकरी मुलीचा देह दुकानात मांडण्याची निवड कोणीतरी विक्री डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते, आणि तिचा जाब विचारायला पोलीस लागत नाहीत. आता मासिक वर्गणीवर चालणाऱ्या स्ट्रीमिंगने पैसे मोजणाऱ्यांत जगभरची घरं आणली आहेत. २०२० मध्ये 'डेमन स्लेयर'च्या चित्रपटाने जपानमध्ये कमाईचा उच्चांक केला तोही मुलाबाळांसह थिएटरात गेलेल्या कुटुंबांच्या बळावर. डिस्क घेणाऱ्या एकट्या चाहत्याची मर्जी सांभाळणं आता एकमेव धंदा उरलेला नाही, आणि जुन्या सवयीने आजही तशी दृश्यं आखणाऱ्या निर्मात्यांना 'प्रेक्षकांना हेच हवं असतं' एवढं म्हणून सुटता येणार नाही.