भौगोलिक कारणे लिहा

२३ मार्च २०२० रोजी दहावीचा शेवटचा पेपर होता, भूगोलाचा. तो झालाच नाही. आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्द झाला. बाकीच्या विषयांत मिळालेल्या गुणांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण द्यायचं ठरलं. माझी धाकटी बहीण त्या वर्षी दहावीला होती. बातमी कळली तशी ती गच्चीवरून ओरडतच खाली आली, "ताई, भूगोल गेला!"

घरात सगळे हसले. मीही हसले. तिच्या जागी मी असते तर मीही नाचले असते. पण रात्री मनात आलं, गणिताचा पेपर रद्द झाला असता तर मराठी आणि इतिहासाच्या सरासरीवरून गणिताचे गुण देणं लोकांना सहज पटलं असतं का? भूगोलाच्या बाबतीत कोणाला फारसं खटकलं नाही. महामारीत दुसरा इलाजही नव्हता, हे मान्य. तरी हा विषय गेला तर नेमकं काय जातं, हे आम्हाला कोणालाच सांगता आलं नसतं.

आमचं घर सोलापुरात, हैदराबाद हायवेपासून जवळ. त्याच एप्रिलमध्ये त्या रस्त्यावरून माणसं चालत होती. पुण्याकडून आलेली, तेलंगणाकडे, बिदरकडे निघालेली. एका दुपारी एक जोडपं दारात आलं. बाईच्या कडेवर मूल, माणसाच्या डोक्यावर गोणी. त्याने विचारलं, "नळदुर्ग कितना दूर?" माझी बहीण दारात उभी होती. तिच्या पुस्तकात वर्षभर भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना होती. ब्राझीलचा विस्तार, लोकसंख्येची घनता, सगळं तोंडपाठ. नळदुर्ग किती लांब, हे तिला सांगता येईना. मी फोनवर बघून सांगितलं, पन्नासेक किलोमीटर. तो म्हणाला, "मतलब कल रात तक." फोनने गाडीचा वेळ दाखवला होता, एक तासाच्या आसपास. पायी चालणाऱ्याचा हिशोब त्याने स्वतःच केला.

आईने त्यांना पाणी दिलं. देण्याआधी ती क्षणभर थांबली, ते मी पाहिलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि तो चौथा दिवस होता. तिने घागरीत डोकावलं, मग तांब्या भरला, मग त्यांची बाटलीही भरून दिली.

पुढच्या महिन्यात, ८ मे रोजी, औरंगाबादजवळ करमाड इथे रेल्वे रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे चालले होते. तिथून त्यांना मध्य प्रदेशात, आपल्या घरी जाणारी गाडी मिळेल अशी आशा होती. त्या वर्षी भूगोलाचा पेपर झाला नाही. भूगोल मात्र रस्त्यावरून, रुळांवरून चालत होता. आपली शहरं कुठून आलेल्या माणसांवर उभी आहेत, हे एरवी न दिसणारं काही आठवडे उघड दिसत होतं.

मग वर्गात आपण शिकतो ते काय असतं?

आपल्यापैकी बहुतेकांना दोन गोष्टी आठवतील. एक, नकाशा भरणे. कोरा नकाशा, टोकदार पेन्सिल, सूची. दुसरी, "भौगोलिक कारणे लिहा." माझ्या वहीत एक प्रश्न ठरलेला असायचा: सह्याद्रीच्या पूर्वेकडे पाऊस कमी का पडतो? उत्तर आजही झोपेत सांगेन. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, पश्चिम उतारावर भरपूर पाऊस देतात, पलीकडे येईपर्यंत त्यांतलं बाष्प कमी झालेलं असतं, म्हणून हा पर्जन्यछायेचा प्रदेश. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सोलापूरला साडेपाचशेच्या आसपास. उत्तर बरोबर, पूर्ण गुण.

मला अनेक वर्षं वाटायचं की आमच्या घागरीचंही तेच उत्तर आहे. आमच्याकडे पाऊस कमी, म्हणून पाणी कमी. भौगोलिक कारण. त्यात कोणाचा दोष नाही, वाऱ्याला कोण जाब विचारणार?

शिकायला पुण्याला गेले तेव्हा हे उत्तर डळमळलं. हॉस्टेलवर नळ कधीही सोडा, पाणी असायचं. एकदा आईशी फोनवर बोलत होते. ती म्हणाली, "आज पाण्याला वास मारतोय गं, तुरटी फिरवून ठेवलंय." बोलता बोलता मी बेसिनमध्ये तेलकट डबा घासत होते. खळखळ पाणी जात होतं. हे जातं कुठे, हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा पडला. भूगोलात मला चाळीसपैकी सदतीस होते.

शोधलं तर उत्तर सोपं होतं, शाळेच्या नकाशातही होतं. पुण्याचं सांडपाणी, काही शुद्ध केलेलं, काही न केलेलं, मुळा-मुठेत जातं. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा उजनी धरणात येते. सोलापूर उजनीचं पाणी पितं. म्हणजे मी सोडत होते ते पाणी आईच्या घागरीच्या दिशेने निघालेलं होतं. वाटेत ते कितीतरी पातळ होतं, शुद्धीकरण केंद्रातून जातं, हे सगळं खरं. पण दिशा तीच.

पुढे अजून एक गोष्ट लक्षात आली. इंद्रायणी आळंदीहून निघून तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमाच पंढरपुरात चंद्रभागा होते. वारी ज्या गावाहून ज्या गावाला जाते, तिथून तिथेच पाणीही जातं. आपण नदीला आई म्हणतो, तिच्यात स्नान करतो, आणि तिच्या वरच्या अंगाला आपलीच गटारं आहेत. आपण दोन्ही मनापासून करतो. मधला धागा कधी कोणी हातात दिलेला नसतो.

आता मला सोलापूरकर म्हणून पुण्यावर राग काढायचा होता. भूगोलाने तीही सोय ठेवली नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, त्यात गावंच्या गावं बुडाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं, लोक होडीतून जाऊन फोटो काढतात. आमची तहान भागावी म्हणून ज्यांनी घरं सोडली त्यांचं ते मंदिर. शिवाय माझा मामा माढ्याकडे ऊस लावतो. साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात ऊस! त्याला विचारलं तर म्हणतो, "दुसऱ्या कशाला भाव आहे सांग, लावतो." तोही खोटं बोलत नाही. आणि पुण्याचं तरी पाणी कुठलं? पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला. त्या खोऱ्यांतूनही माणसं उठलीच. प्रत्येक जण कोणाच्या तरी खालच्या अंगाला आहे आणि कोणाच्या तरी वरच्या अंगाला.

मला वाटतं, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचं खरं कारण हे आहे. आपण कोणाच्या वर आहोत आणि कोणाच्या खाली, हे कळणं. नद्या, वारे, खडक, लोकसंख्या हे सगळं त्यासाठी लागतं. ते पाठ करून तिथेच थांबलो तर "भौगोलिक कारण" ही एक पळवाट होते. पाऊस कमी पडतो हे निसर्गाचं काम. पडलेलं पाणी कोणाला किती, कधी आणि कसल्या अवस्थेत मिळेल, हे माणसांनी ठरवलेलं असतं. पहिल्या वाक्याला पूर्ण गुण देऊन दुसरं विचारलंच नाही, तर पंधरा वर्षांच्या मुलाला आपण एक चुकीची सवय लावतो. जिथे माणूस जबाबदार आहे तिथे वाऱ्याचं नाव सांगायची.

हा विषय कधी निष्पाप होता असंही नाही. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ हॅलफर्ड मॅकिंडर यांनी १९११ साली मांडलं होतं की शाळेत भूगोल साम्राज्याच्या नजरेतून शिकवावा. फ्रेंच भूगोलतज्ज्ञ इव्ह लाकोस्त यांनी १९७६ साली एक पुस्तकच लिहिलं, त्यांचा मुद्दा असा की भूगोलाचा पहिला उपयोग युद्धासाठी होतो आणि शाळेतला रटाळ भूगोल ही गोष्ट झाकून ठेवतो. म्हणजे भूगोल कंटाळवाणा वाटणं हा फक्त मास्तरांचा दोष नाही. नकाशा वाचता येणारे थोडे आणि नकाशा भरणारे पुष्कळ, ही व्यवस्था काहींच्या सोयीची असते. याच्या उलट टोकाला रशियन भूगोलतज्ज्ञ आणि अराज्यवादी विचारवंत क्रोपोत्किन. १८८५ साली फ्रान्सच्या तुरुंगात असताना त्याने भूगोल कसा असावा यावर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं होतं की दूरच्या माणसांबद्दलचे पूर्वग्रह घालवणं आणि सगळी माणसं एकमेकांची भावंडं आहेत हे मुलांना कळू देणं, हे भूगोलाचं काम आहे. विषय तोच आणि वर्गही तसाच. हेतू मात्र पूर्ण वेगळा.

इथे एक प्रामाणिक शंका येते. माणुसकी शिकवायला भूगोल कशाला हवा? तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ साली, बांगलादेशच्या निर्वासितांच्या संदर्भात, असा युक्तिवाद केला होता की मरणारं मूल समोरच्या तळ्यात आहे की हजारो मैलांवर, याने आपलं कर्तव्य बदलत नाही. अंतराला नैतिक वजन नाही. ते मला पटतं. पण त्या उदाहरणातलं मूल तळ्यात कसं पडलं याच्याशी वाटसरूचा काही संबंध नाही. तो योगायोगाने तिथून चाललाय. आपली गोष्ट तशी नसते. दारात आलेला तो माणूस पुण्यात काय काम करत होता, मी विचारलं नाही. पण पुण्यातल्या ज्या इमारतीत मी राहायचे ती कोणीतरी बांधलीच होती. आपण नुसते वाटसरू नसतो. नळ, गटार, रस्ता आणि वीज यांनी आपण आधीच बांधलेले असतो. आणि बांधलेले कसे आहोत हे दया सांगू शकत नाही, त्याला नकाशा लागतो.

दुसरी शंका जास्त टोचणारी आहे. हे कळून मी काय केलं? खरं सांगायचं तर फार काही नाही. डबे अजून घासते, पाणी अजून जातं. मुलांना हे शिकवून आपण फक्त एक न फेडता येणारा अपराधभाव तर देणार नाही ना? मूल्यशिक्षणाच्या तासाचं झालं तसं भूगोलाचंही होईल, "नद्या स्वच्छ ठेवाव्यात" असं सुवाच्य अक्षरात लिहून मुलं मोकळी होतील.

ही भीती रास्त आहे. म्हणूनच मला भूगोलात उपदेश नको, पत्ते हवेत. "प्रदूषण वाईट" या वाक्याला पत्ता नसतो. "या नाल्याचं पाणी अमुक ठिकाणी शुद्ध न होता नदीत जातं" या वाक्याला असतो, आणि त्या पत्त्यावर प्रश्न पाठवता येतो. महापालिकेला, पाटबंधारे खात्याला, निवडणुकीत मत मागायला आलेल्याला. पत्ता नसला की जबाबदारी निसर्गावर तरी जाते किंवा सगळ्यांवर सारखी वाटली जाते, आणि दोन्हीचा अर्थ एकच, कोणावरच नाही. अपराधभाव एकट्याला छळतो. पत्ता कळला की दहा जण मिळून जाता येतं.

यासाठी नवं पुस्तकही नको. बहिणीच्या भूगोलाच्या पुस्तकातला पहिलाच धडा होता क्षेत्रभेट. तिच्या वर्गात ती बाकावर बसून झाली. प्रश्नावली फळ्यावर, आणि कल्पनेतल्या गावच्या कल्पनेतल्या माणसांची उत्तरं वहीत. मी सरांना दोष देणार नाही. साठ मुलं, अपुरे तास, चाळीस गुणांचा पेपर, शाळेबाहेर न्यायचं तर परवानग्या. पण शाळेमागच्या नाल्यापर्यंत जायला बस लागत नाही. हा नाला कुठून येतो, कुठे जातो, त्याच्या काठी कोण राहतं आणि तेच का राहतात, एवढ्या प्रश्नांत वर्ष निघेल. आणि मग ब्राझीलही वेगळा वाचता येईल. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात कोण वर, कोण खाली, असं विचारत.

तुम्ही हे फोनवर वाचत असणार. त्याच फोनमधल्या नकाशात मधोमध एक निळा ठिपका असतो: तुम्ही. शाळेच्या नकाशात मी कुठेच नव्हते, या नकाशात फक्त मीच आहे. दोन्हीत मला जोडणाऱ्या रेषा नाहीत. आज एकदा त्या ठिपक्यापासून सुरुवात करा. घरच्या नळाचं पाणी कोणत्या धरणातून येतं ते शोधा. बेसिनचं पाणी कोणत्या नदीला जातं ते शोधा. मग नदी बोटाने खाली सरकवत न्या, पुढचं गाव येईपर्यंत.

बहिणीच्या गुणपत्रिकेवर भूगोलाचे गुण आहेत, न दिलेल्या पेपरचे. ती अजून त्यावरून विनोद करते. पण त्या दुपारनंतर तिने एक गोष्ट केली होती. भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आमच्या हायवेची उभी रेघ काढली आणि गावं लिहिली. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद. प्रत्येकापुढे अंतर, आणि अंतरापुढे चालत किती दिवस ते. ते पान कोणी तपासलं नाही.