आधी पदवी नीट करा

बी.ए.च्या किंवा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा ‘पुढे लॉ करणार’ म्हणाला, की त्याला पहिला प्रश्न सीईटीचा येतो. क्लास लावला का, मॉक टेस्ट किती दिल्या, गेल्या वर्षी अमुक कॉलेजचा कटऑफ कुठे थांबला होता. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठीची ही परीक्षा कायद्याचा कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी एवढ्यावर उरकते. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, प्रश्न मराठीतूनही मिळतात. दोन-तीन महिने मन लावून बसणाऱ्याला ती जड जाऊ नये. क्लास लावण्यातही गैर काही नाही. खुद्द लोकमान्य टिळकांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी लॉ क्लास चालवला होता. खटकते ते निराळेच. पदवीच्या वर्षांत या मुलाने काय केले, हे त्याला कुणी विचारत नाही, आणि तो स्वतःही ती वर्षे हिशेबात धरत नाही.

यामागे एक समजूत पक्की बसली आहे. हुशार मुले बारावीनंतर क्लॅट देऊन पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जातात, आणि ज्यांचे दुसरीकडे कुठे जमत नाही ती पदवी घेऊन मग लॉकडे वळतात. बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलने १९८०च्या दशकाच्या अखेरीस पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्याकडे आता मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्म नोकऱ्या देताना आधी अशा कॅम्पसकडे पाहतात, हे खरे आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या बंगळूरने पाच वर्षांचा रस्ता रूढ केला, त्याच संस्थेने २०२२पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एलएल.बी. सुरू केला. दुसरा विषय शिकून आलेला विद्यार्थी कायद्याच्या वर्गाला हवा असतो, याची याहून स्पष्ट कबुली कोणती? वयाचा हिशेबही घाबरवणारा नाही. अठराव्या वर्षी बारावी झालेला मुलगा एका रस्त्याने तेविसाव्या वर्षी वकील होतो, दुसऱ्याने चोविसाव्या. फरक एका वर्षाचा.

टिळक गणित घेऊन बी.ए. झाले आणि मग एलएल.बी. पां. वा. काणे संस्कृतचे पंडित आणि मुंबई हायकोर्टातले वकील; ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या दोन्ही व्यासंगांवर उभा राहिला. प्र. बा. गजेंद्रगडकर डेक्कन कॉलेजातून एम.ए. झाले, पुण्याच्या आयएलएसमधून कायदा शिकले आणि १९६४मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या काळी दुसरी वाटच नव्हती, असे कुणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. थोरांची नावे पुढे करून वाद जिंकता येत नाही. म्हणून बी.कॉम.च्या एखाद्या साध्या मुलाचेच उदाहरण घेऊ.

तालुक्याच्या कोर्टात चेक न वटल्याच्या फिर्यादींना तोटा नसतो. कायदा पाठ करायला अर्धा तास पुरतो. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कलम १३८ची फिर्याद. खरी लढाई यानंतर सुरू होते. आरोपी सांगतो, चेक मी सही करून कोराच दिला होता, सिक्युरिटी म्हणून. माल आलाच नाही. फिर्यादी व्यापारी आपला खातेउतारा पुढे करतो. इथे पुराव्याच्या कायद्यातला एक जुना नियम आड येतो. धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी पुराव्यात चालतात, पण केवळ त्यांच्या जोरावर कुणावर देणे लादता येत नाही. आधी तो कलम ३४ होता. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमात कलम २८ आहे. चेकवर सही असली की कायद्याचे गृहीतक व्यापाऱ्याच्या बाजूने असते, हे खरे. तरी आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत ते हलवायला सुरुवात केली, की खात्याला आधार लागतोच. तो आधार म्हणजे बिल, डिलिव्हरी चलन, मालाच्या पोचेवरची सही, जीएसटीच्या रिटर्नमध्ये दाखवलेली विक्री. रोजकीर्द आणि खतावणी ज्याने हाताने लिहिली आहे त्याला हे कागद कुठे सापडतील आणि कोणत्या तारखा एकमेकींशी जुळायला हव्यात, हे सांगावे लागत नाही. हिशेबाशी कधी संबंध न आलेल्या वकिलाला ते पक्षकाराकडून शिकून घ्यावे लागते, आणि पक्षकार सोयीचे तेवढेच शिकवतो. दुसऱ्या वर्षी ‘पास होण्यापुरते’ उरकलेले अकाउंट्स असे कोर्टात वसूल होते किंवा भोवते.

हेच भूगोलाचे, शेतीचे, रसायनाचे. बी.एस्सी. झालेल्याला तर एलएल.बी. नसतानाही पेटंट एजंटाची परीक्षा देता येते. तिला विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी लागते, कायद्याची लागत नाही. आपल्या किती महाविद्यालयांत ही गोष्ट प्राध्यापकांना तरी ठाऊक असेल?

आता सगळ्यांत स्वस्त संधीविषयी. आपली कोर्टे उघडी असतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १५३-ब आणि नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६६ कोर्ट लोकांसाठी खुले असावे असे सांगतात. काही कौटुंबिक आणि लैंगिक गुन्ह्यांची प्रकरणे बंद दाराआड चालतात, आणि न्यायाधीश गरजेप्रमाणे लोकांना बाहेर बसवू शकतात, एवढाच अपवाद. मोबाइल बंद करून मागच्या बाकावर बसायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. पहिले दोन तास कंटाळवाणे जातील. पुकारा होतो, वकील मुदतीचा अर्ज देतो, पुढची तारीख पडते, रोजनाम्यात दोन ओळी लिहिल्या जातात. मग एखाद्या वाटपाच्या दाव्यात तलाठी साक्षीला उभा राहतो. फेरफाराची ही नोंद तुमच्या हस्ताक्षरातली आहे का? नाही, माझ्या आधीच्यांच्या. वर्दी कुणी दिली होती? सांगता येणार नाही. सगळ्या हिस्सेदारांना नोटीस बजावल्याची पोच या दप्तरात आहे का? तलाठी कागद चाळतो. दिसून येत नाही. न्यायाधीश उत्तर नोंदवून घेतात. चार प्रश्न, आवाज कुठेही चढलेला नाही, आणि दाव्याचा रंग पालटलेला असतो. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नव्हे, हे सूत्र पाठ्यपुस्तकात एका ओळीचे आहे. ते कळते ते अशा दुपारी. सिनेमातली वकिली पाहून आलेल्या मुलाचा हिरमोड व्हायचा असेल तर तोही इथेच, फी भरण्याआधी झालेला बरा.

भाषेचा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. तालुका आणि जिल्हा कोर्टांत साक्षी, फिर्यादी, कैफियती मोठ्या प्रमाणावर मराठीत चालतात. हायकोर्टात घटनेच्या कलम ३४८मुळे इंग्रजी. शहरात इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना जुने खरेदीखत वाचताना घाम फुटतो. गावाकडच्या मुलांना निकालपत्राचे पहिले पान पार करवत नाही. दोघांनाही दुसऱ्या भाषेत वाचायला सवड असते ती पदवीच्या वर्षांतच. सुप्रीम कोर्टाचे निकाल आता इंटरनेटवर मोफत मिळतात, त्यातल्या बऱ्याच निकालांचे मराठी भाषांतरही कोर्टच उपलब्ध करून देते. एकच निकाल दोन्ही भाषांत समोर ठेवून आठवड्याला एक वाचावा. सप्टेंबर २०२२पासून घटनापीठापुढच्या सुनावण्या घरबसल्या पाहता येतात. पण माझे मत विचाराल तर दिल्लीच्या घटनापीठाआधी तालुक्याचा तलाठी पाहावा.

ज्याला नुसते बसून चैन पडत नाही, त्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय गाठावे. पॅरालीगल व्हॉलंटिअरची योजना २००९पासून आहे, आणि तिच्यात विद्यार्थ्यांना जागा आहे. मानधन किरकोळ, काम मात्र खरे: अर्ज भरून देणे, लोकअदालतीत माणसांना योग्य टेबलापर्यंत नेणे, तुरुंगातल्या माणसाच्या नातेवाइकांना मोफत वकील कसा मिळतो ते सांगणे. कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विधी साहाय्य मिळू शकते, हे १९८७च्या कायद्यातच आहे. कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या बहुतेक बायकांना ते कुणी सांगितलेले नसते.

इतके सगळे सांगून झाल्यावर पैशाची गोष्ट उरतेच. घरात वकील नसलेल्या मुलाला पहिली काही वर्षे कठीण जातात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४मध्ये ज्युनिअरना शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि अनेक ठिकाणी ज्युनिअरची बोळवण बसच्या पासाइतक्या पैशांवर होते. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४मध्ये सनद घेतानाची फी कायद्यातल्या ७५० रुपयांच्या वर नेऊ नये असे ठणकावले, हा दिलासा. उलट, २० मे २०२५च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. एलएल.बी. झाल्या झाल्या न्यायाधीशपदाची (जेएमएफसी) परीक्षा देऊन स्थिर होऊ, असा बेत आखलेल्या गरीब घरांतल्या मुलींना ती जाचक वाटते, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. तरी मला अट योग्य वाटते. साक्षीदाराला कधी प्रश्न न विचारलेल्या माणसाने साक्षीवर निकाल देऊ नये. पण अट घालणाऱ्या व्यवस्थेने ती तीन वर्षे जगायची सोयही पाहायला हवी, आणि ती अजून झालेली नाही.

दरम्यान संधी जवळ येत आहेत. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या अपिलांसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. तिथे इंग्रजीत मसुदा करू शकणारे, मराठी कागद अस्खलित वाचणारे आणि जमिनीच्या किंवा हिशेबाच्या भानगडी समजणारे ज्युनिअर लागणार आहेत. अशी माणसे सीईटीच्या क्लासमधून तयार होत नाहीत.

कायद्याच्या विद्यार्थ्याला तीन वर्षांत किमान बारा आठवडे इंटर्नशिप करावी लागते. पदवीच्या विद्यार्थ्यासाठी कोर्टात असे काहीच नाही. जिल्हा वकील संघांनी आणि कला-वाणिज्य महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी एकत्र बसून दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दोन आठवडे ठरवावेत, दहा-पंधरा मुलांना एकेका वकिलामागे लावून द्यावे, ज्यांच्या घरी वकील नाही त्यांना आधी घ्यावे. याला शासननिर्णय लागत नाही, निधीही लागत नाही. विद्यार्थ्यांनी मात्र तोवर थांबू नये. या आठवड्यात कॉलेजला एक दिवस दांडी मारून कोर्टात जाऊन बसा.