देवाची इच्छा : आपण ती खरोखर विचारतो का?



आपल्या धर्मग्रामात एक वाक्य फार वेळा कानावर पडते : "देवाची इच्छा!" ते वाक्य आपण दोन प्रसंगी हमखास वापरतो. एक, मयतीच्या घरी. दुसरे, आपला निर्णय आधीच झालेला असतो आणि आता कोणी त्यावर प्रश्न विचारू नये असे वाटते तेव्हा. दोन्ही वेळा ते विषय बंद करण्यासाठी येते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मात्र आपण रोज म्हणतो आणि तिच्यात पित्याच्या इच्छेची मागणी अगदी सुरुवातीलाच आहे, रोजच्या भाकरीच्याही आधी. तिथे तो शब्द विषय सुरू करतो. आज आपण याच गोष्टीचा थोडा विचार करू या.

प्रथम मयतीच्या घराविषयी. आपला गडचिरोली जिल्हा हिवतापाचा जिल्हा म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पावसाळ्यात ताप येतो, सर्पदंश होतात. लेकराला तीन दिवस ताप असतो, आपण अंगारा-धुपारा करतो, कोणी जपमाळ गळ्यात घालतो, चौथ्या दिवशी गाडी शोधतो. आणि लेकरू गेले की म्हणतो, देवाची इच्छा. बंधुभगिनींनो, शुभवर्तमान उघडून पाहा. प्रभू येशूपुढे किती आजारी माणसे आणली गेली! त्यांपैकी एकालाही त्याने असे सांगितले नाही की तुझे दुखणे ही माझ्या पित्याची इच्छा आहे, तसाच पडून राहा. त्याने त्यांना बरे केले. लाझरसच्या कबरेपाशी तो रडला (योहान ११). ज्या मृत्यूवर देवाचा पुत्र रडतो, त्या मृत्यूवर आपण इतक्या सहज देवाची सही कशी करतो?

बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचला असेल. तिथे आजारी माणसाला प्रार्थना करायला सांगितले आहे आणि लगेच पुढे वैद्याला त्याची जागा द्यायलाही सांगितले आहे, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले. म्हणून लेकराला ताप आला तर आधी रक्त तपासायला न्यावे आणि वाटेत, गाडीत बसून, मनापासून जपमाळ म्हणावी. ही प्रार्थना कमी श्रद्धेची आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याला हा अध्याय दाखवावा.

आता दुसरा प्रसंग. कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहिल्यापासून आपल्या तालुक्यात जमिनीच्या गोष्टी घरोघरी चालतात. कोणाला जमीन विकायची आहे, कोणाला ठेवायची आहे, कोणाच्या भावाभावांत बोलणे बंद आहे. अशा वेळी माणसे नोव्हेना करतात, मिस्सा लावतात, "फादर, देवाची इच्छा काय असेल?" असे विचारतात. विचारावे, जरूर विचारावे. पण त्याआधी एक साधी गोष्ट पाहावी : सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे का? नसेल, आणि तिचा वाटा देण्याची तयारीही नसेल, तर नऊ दिवसांच्या नोव्हेनाची गरज नाही. त्या बाबतीत देवाची इच्छा सीनाय पर्वतावरच सांगून झाली आहे. ख्रिस्ती कुटुंबांना सर्वसाधारणपणे लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानेही मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच धरला आहे.

हीच गोष्ट रोवणीच्या बायांच्या मजुरीची. हीच गोष्ट दारूची. आपल्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती आणण्यासाठी इथल्याच स्त्रीपुरुषांनी वर्षानुवर्षे झगडा दिला. तरीही बाटली घरात येते हे आपण सारे जाणतो. ज्या घरात ती येते तिथली माउली वेदीसमोर गुडघे टेकून रडते आणि घरधनी मागच्या बाकावर बसून देवाची इच्छा शोधत असतो. भाऊ, ती शोधायची नाही. ती तुमच्या दोन बाकं पुढे रडत बसली आहे.

म्हणजे देवाच्या इच्छेचा मोठा भाग आपल्याला आधीच ठाऊक असतो. तो न करता उरलेल्याविषयी विचारणे म्हणजे वडिलांनी सांगितलेले काम टाळून त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन "बाबा, आज काय करू?" असे विचारण्यासारखे आहे. मात्र जिथे आज्ञा स्पष्ट बोलत नाही अशाही अनेक गोष्टी आयुष्यात असतात. मुलीने नर्सिंगला नागपूरला जावे की इथेच राहावे? पोराने कारखान्यात लागावे, की आईबापांबरोबर मिरची तोडायला तेलंगणात जावे, की बारावी पुन्हा द्यावी? हे स्थळ की ते? इथे खरी प्रार्थना लागते आणि इथेच आपण कच्चे पडतो.

कच्चे पडतो याचे पहिले कारण, आपण देवाशी खरे बोलत नाही. मनात एक असते आणि ओठावर पुस्तकातली प्रार्थना. काहींना वाटते की देवाकडे काही मागणे हे स्वार्थीपणाचे. चांगल्या ख्रिस्ती माणसाने "तुला हवे ते कर" एवढेच म्हणावे. पण ज्याने काही मागितलेच नाही तो स्वतःच्या मागण्याच्या पुढे कसा जाणार? हन्ना मंदिरात अशी रडली, तिचे ओठ असे हलत होते, की याजक एलीला ती प्यालेली वाटली (१ शमुवेल १). आपला प्रेषित संत थोमा याचेही तसेच. आपला चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार ख्रिस्तसभेचा. १९६२ साली त्याची सुरुवात झाली आणि १९७७ मध्ये तो पूर्ण धर्मप्रांत बनला. केरळातल्या ज्या ख्रिस्तसभेतून धर्मगुरू आणि धर्मभगिनी या जंगलभागात आले, ती आपली श्रद्धा थोमापर्यंत नेते. ३ जुलैला त्याचा सण येतो तेव्हा आपल्याकडे पऱ्हे बांधीत उभे असतात आणि सगळ्यांची नजर आभाळाकडे असते. त्या थोमाने इतर शिष्यांच्या तोंडावर सांगितले की जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. त्याने नाटक केले नाही. आणि प्रभू त्याच्यावर रागावून निघून गेला नाही. आठ दिवसांनी पुन्हा आला, खास त्याच्यासाठी.

गेथशेमाने बागेत तर प्रभूने स्वतःच सरळ मागितले : हा प्याला टळावा (मत्तय २६). पित्याची इच्छा हा शब्द त्यानंतर आला, घाम गाळून, आणि तीन वेळा तीच प्रार्थना करून. आपण मधली रात्र वगळून थेट शेवटच्या शब्दावर येतो, म्हणून तो शब्द आपल्या तोंडी इतका हलका वाटतो. पावसासाठी मागायचे तर पाऊसच मागा. नोकरी हवी तर नोकरीच म्हणा. नवऱ्याचा राग आला असेल तर तोही प्रभूला सांगा, त्याने याहून कडक भाषेतली स्तोत्रे ऐकली आहेत. फक्त एक करू नये : नवसाचा सौदा. "पोरगा पास झाला तर अमुक देईन" यात आपण देवाला पिता न मानता दुकानदार मानतो, आणि पोरगा नापास झाला की मग चर्चला येणेही बंद होते.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. आपण मागतो आणि दार बंद होते. याविषयी बोलताना आम्हांला नेहमी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका संताची आठवण होते. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत, पण आपल्या भागात त्यांची ओळख कमी आहे. सोळाव्या शतकात वसईला त्यांचा जन्म झाला आणि येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले. कोवळ्या वयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे त्यांनी जपानी भाषा उत्तम आत्मसात केली आणि कित्येक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. त्यांच्या मनात एकच होते : येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही.

इथे थोडे थांबू या. ही काही वाईट इच्छा नव्हती. देवाच्या सेवेचीच इच्छा होती, तीही वर्षानुवर्षे राबून मागितलेली. नकार देणारेही काही वाईट लोक नव्हते. असा नकार सर्वांत जास्त लागतो, कारण कोणावर रागवावे हेच कळत नाही. गोन्सालो बाहेर पडले आणि व्यापार करू लागले. धंदा चांगला चालला. कोणीही म्हणाले असते, बघा, देवाची इच्छा हीच होती, पैसा मिळाला, सुखी राहा. पण त्यांचे मन तिथे विसावले नाही. फिलिपाइन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात गेले, धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे बंधू म्हणून. पुढे १५९३ मध्ये संत पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानच्या सत्ताधीशाकडे, हिदेयोशीकडे, पाठवायचे ठरले तेव्हा जपानी बोलणारा माणूस हवा होता. दुभाषा म्हणून गोन्सालो गेले. धर्मशिक्षक असताना आणि बाजारात वावरताना जी भाषा जिभेवर बसली होती, तिचीच आता गरज होती.

यावरून कोणी असे समजू नये की प्रत्येक नकारामागे देवाने काहीतरी छान ठेवलेले असते आणि ते लवकरच दिसते. गोन्सालोंना मधल्या वर्षांत काहीही दिसत नव्हते. आणि पुढे जे आले ते "छान" नव्हते. १५९७ च्या आरंभी त्यांच्यासह २४ ख्रिस्ती लोकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना भर हिवाळ्यात क्योटोपासून नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी एकूण २६ जणांना तिथल्या टेकडीवर क्रुसावर बांधून भाल्यांनी मारले. त्या २६ जणांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन येशूसंघीय होते, बाकीचे जपानी प्रापंचिक लोक, त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नाही, त्या संघाची माणसे त्यांच्यासोबतच क्रुसावर होती. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना एकत्रच संतपद दिले.

आता कोणी विचारेल, आम्ही काही संत नाही, आमचा प्रश्न तर सोमवारी फॉर्म भरायचा की नाही एवढाच आहे. त्यासाठी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात फार व्यवहारी उपाय दिले आहेत. ते म्हणतात, ज्याला तुम्ही कधी पाहिलेले नाही असा एखादा माणूस तुमचाच प्रश्न घेऊन आला आहे अशी कल्पना करा; त्याचे भलेच व्हावे असे तुम्हांला वाटते; त्याला काय सल्ला द्याल? मग तोच सल्ला स्वतः पाळा. दुसरा उपाय : आपण मरणाच्या खाटेवर आहोत असे समजा. त्या क्षणी आज कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल? आमच्या मते पहिला उपाय जास्त कामाचा आहे, कारण दुसऱ्याच्या जमिनीविषयी आणि दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नाविषयी आपण सारेच फार न्यायी असतो!

त्यांची आणखी एक सूचना आपल्याकडे सोन्याच्या मोलाची आहे. मन उदास असेल, देव दूर गेल्यासारखा वाटत असेल, अशा दिवसांत आधी केलेला चांगला निश्चय बदलू नये. पीक बुडाल्याच्या आठवड्यात शेत विकायचे ठरवू नये. भांडणाच्या रात्री माहेरी कायमचे जायचे ठरवू नये. (मारहाण होत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे त्याच रात्री निघावे, आणि धर्मभगिनींकडे यायला संकोच करू नये.)

आणि एकट्याने ठरवू नये. घरात बोलावे, बायकोला विचारावे, ज्याचे आयुष्य आहे त्या मुलीला तर आधी विचारावे. कुटुंब-प्रार्थनेत आपण पाच गूढे भराभर म्हणतो आणि जेवायला उठतो. येत्या आठवड्यात शेवटच्या गूढानंतर पाच मिनिटे कोणी काही बोलू नये. दिवा तसाच ठेवावा, मोबाइल बाजूला ठेवावा. मग घरातल्या धाकट्यापासून सुरुवात करून प्रत्येकाने सांगावे की या घराने कोणती एक गोष्ट करावी असे प्रभू म्हणत असेल. मोठ्यांनी मध्ये तोडू नये. लेकरे काय सांगतील ते आपल्याला आवडेलच असे नाही.

ज्यांच्यापुढे एखादा मोठा निर्णय आहे त्यांच्यासाठी रविवारच्या मिस्सानंतर पवित्र साक्रामेंतासमोर अर्धा तास शांतपणे बसण्याची सोय राहील. लांबच्या गावांहून येणाऱ्यांनी गाडीवाल्याला तसे आधीच सांगून ठेवावे.