औषध न घेता

रहस्यकथा हाती घेताना आपण निर्धास्त असतो. खुनी दुसराच कुणीतरी असतो आणि शेवटी तो सापडणार, याची खात्री असते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची 1886 सालची ‘डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड’ ही छोटी कादंबरी अशीच सुरू होते. हा हाइड कोण, याचा शोध एक वकील घेतो. (सिनेमांमुळे आज उत्तर बहुतेकांना आधीच ठाऊक असते!) पण खरी भीती त्या उत्तरात नाही. हाइड होऊन केलेल्या खुनानंतर जेकिल पश्चात्ताप करतो, रूप पालटणारे औषध सोडतो, दानधर्मात रमतो. मग हिवाळ्यातल्या एका दिवशी बागेतल्या बाकावर ऊन खात असता त्याच्या मनात येते, इतरांपेक्षा आपण किती चांगले! त्याच क्षणी, औषधाचा थेंबही न घेता, त्याचा हाइड होतो.

मंदिरातला परुशी (लूक 18) तरी कुठे खोटे बोलत होता? उपवास करीत होता, दशांशही देत होता. फक्त दूर उभ्या असलेल्या जकातदाराकडे त्याने एकदा पाहिले. पापनिवेदनाआधी आपण हाइडची कृत्ये आठवत बसतो. बाकावरचा तो विचार आपल्याला आठवतो का?