कळवणे आणि विचारणे

खाडीकाठच्या आमच्या शाळेत एकदा एक पालक वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. व्यवसाय मासेमारीचा. परिसरातल्या एका प्रकल्पाच्या जनसुनावणीची ती नोटीस होती. मी ती वाचली, अवघड शब्द उर्दूत समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "सर, हे आपल्याला कळवतायत की विचारतायत?"

उर्दूत इत्तिला आणि मशवरा हे दोन वेगळे शब्द आहेत. झालेला निर्णय कानावर घालणे ही इत्तिला. निर्णयापूर्वी दुसऱ्याचे मत घेणे आणि ते पटले तर आपले बदलणे, हा मशवरा. बदलण्याची तयारीच नसेल तर मशवऱ्याचा केवळ शिष्टाचार उरतो.

आपल्या देशात १९९७ मध्ये जनसुनावणी बंधनकारक झाली. २००६ च्या अधिसूचनेने ३० दिवसांची पूर्वसूचना ठरवली. पण गणपूर्तीची अट नाही. लोकांच्या हरकतींची दखल अंतिम अहवालात घ्यावी लागते. त्या मान्य करण्याचे बंधन नाही. २०२० च्या मसुद्यात ही मुदत २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. तो मसुदा आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत, म्हणजे मराठीत आणि उर्दूतही द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. समोरच्याच्या भाषेत बोलायचेच नसेल, तर मशवरा कुणाशी?

कुणी म्हणेल, अडाणी माणसांना यातले काय कळते? तज्ज्ञाला यंत्र कळते, हे मान्य. पण मासळी खाडीत कोणत्या महिन्यात शिरते, हे त्या पालकांनाच ठाऊक. आणि समजा, ते चुकत असतील. तरी ज्याच्या घरात नुकसान शिरणार, त्याचा विचारले जाण्याचा हक्क बुडत नाही. ओडिशातील नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रामसभांचे मत घ्यायला लावले. बाराही ग्रामसभांनी नकार दिला आणि २०१४ मध्ये केंद्राने परवानगी नाकारली. विचारणे म्हणतात ते हे.

मी त्या पालकांना म्हणालो, "विचारतायत. तुम्ही जाऊन बोला." ते गेले, बोलले. मी मात्र गेलो नाही. नोकरी आहे, कशाला नाव पुढे आणा, असा विचार केला. दुसऱ्या दिवशी वर्गात नागरिकशास्त्राचा तास घेतला.

न विचारणारे दोषी आहेतच. पण विचारल्यावर गप्प राहणाऱ्या आम्हा शिकलेल्यांचा हिशेब कोण मागणार?