बी.ए. कशात?

बारावीचा निकाल लागला की बीड, केज, माजलगावातल्या घरांत वाटण्या होतात. नीटमध्ये थोडक्यात हुकलेला लातूरला रिपीट करायला जातो, फी झेपणारा डी.फार्म.कडे वळतो आणि उरलेल्याला वडील सांगतात, “बी.ए.ला नाव टाकून ठेव, डिग्री तर होईल.” बी.ए. कशात, हे घरात कुणी विचारत नाही. ते प्रवेशाच्या खिडकीपाशी ठरतं. टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर असा गठ्ठा छातीशी धरून पोरगा रांगेत उभा असतो. ऐच्छिक विषयांचा रकाना आला की पुढच्या मित्राच्या अर्जात डोकावतो आणि तेच उतरवून काढतो.

यामागे हिशेब आहे, आणि तो वेडगळ नाही. राज्यसेवेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. मग खरा अभ्यास अभ्यासिकेत, कॉलेज परीक्षेपुरतं. माझी हरकत एवढीच, की पदवीत शिकवतात ते आपल्या कामाचं नाही, हे पुस्तक न उघडताच ठरलेलं असतं.

बीडमध्ये तर ते मुळीच खरं नाही. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात समोच्च रेषांचा नकाशा टेबलावर पसरला की बालाघाटचा डोंगर उभा राहतो. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा कुठून वळते आणि आपली वस्ती कोरडी का राहते, ते बोट ठेवून दाखवता येतं. ज्याच्या घरी ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आहे, त्याला अर्थशास्त्रातलं कर्ज आणि मजुरीचं प्रकरण गाईडमधून पाठ करावं लागत नाही. मराठी घेतलं तर अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची पासोडी आहे. आणि इतिहास? 2023 मध्ये शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरं उघडली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. मराठवाड्यातल्या किती इतिहासाच्या पदवीधरांना तेव्हा पुढे होता आलं असतं, हा प्रश्न बोचरा आहे.

दोष अर्थात पोरांचाच नाही. विषय कागदावर असतो, शिकवणारा तासिका तत्त्वावर, आणि पगार रखडला की त्याचंही मन लागत नाही. त्यात दसरा झाला की कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आणि आई-बाप फडावर. धाकट्या भावंडांचा स्वयंपाक बहुतेक वेळा मुलीच्याच गळ्यात पडतो. अशा मुलीने 1989 साली नाशिकला स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठात नाव घातलं तर त्यात कमीपणा कसला? नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यालाही प्रमाणपत्र आहे. सोय चांगली; पण ते घेऊन बीडमध्ये नोकरी कोण देणार, हे धोरणात नाही. माझं मत विचाराल तर तीन वर्षं पुरी करावीत, हळू का होईना.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत आणि बसथांबा नंतर बघा. आधी खिडकीतल्या कारकुनाला विचारा: भूगोलाचं प्रात्यक्षिक कोणत्या वारी असतं आणि ते कोण घेतं? तो मागे वळून दुसऱ्याला विचारू लागला, तर अर्ज लगेच भरू नका. शेजारच्या कॉलेजात जाऊन हेच विचारा.